ओल्या मातीतील अनुमान

पाणथळ जागी वावरणाऱ्या सस्तन प्राण्यांविषयी लहान मुलांना शिकवणे हा वरवर पाहता प्राथमिक शाळेतील 'परिसर अभ्यास' या विषयाचा एक साधा घटक आहे. परंतु त्याच्या तळाशी एक जुना तात्त्विक प्रश्न आहे आणि तो टाळून हे शिक्षण नीट होऊ शकत नाही. पक्षी दिवसा दिसतात, मासे जाळ्यात येतात, बेडूक ओरडून आपला पत्ता देतात. सस्तन प्राणी, म्हणजे पिलांना अंगावर पाजणारे प्राणी, मात्र पाण्यावर बहुधा रात्री किंवा झुंजूमुंजू असताना येतात आणि माणसाची चाहूल लागताच निघून जातात. मुलाच्या वाट्याला येते ती त्यांची मागे राहिलेली खूण: चिखलातला ठसा, दगडावरची विष्ठा, उकरलेली माती, झाडाच्या बुंध्याला पुसलेला गाळ. शिक्षक मुलाला जे शिकवतो ते त्यामुळे प्राण्याचे दर्शन नसते, तर जे समोर नाही ते येथे होते असे म्हणण्याची रीत असते. आणि न दिसलेल्याच्या अस्तित्वाविषयी बोलण्याचा अधिकार माणसाला कशाने मिळतो, हा प्रश्न भारतीय दर्शनांनी शतकानुशतके मोठ्या चिकाटीने लावून धरलेला आहे.

या प्रश्नाचा विचार करण्यास भंडारा जिल्ह्याइतकी सोयीची जागा महाराष्ट्रात क्वचितच सापडेल. हा तलावांचा जिल्हा आहे. १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा वेगळा होईपर्यंत नवेगावबांधचा विस्तीर्ण जलाशयही याच जिल्ह्यात मोडत असे. येथील जुने तलाव गोंड राजवटीपासून बांधले गेले, त्यांत कोहळी समाजातील बांधकारांचा वाटा मोठा होता, आणि मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा सारा गोळा करून सरकारात भरणाऱ्या जमीनधारकांच्या, ताब्यात ते दीर्घकाळ राहिल्यामुळे मालगुजारी संपल्यावर त्यांना 'माजी मालगुजारी' आणि पुढे सुटसुटीतपणे 'मामा तलाव' असे नाव पडले. पावसाळ्यात हे तलाव आणि बोड्या, म्हणजे लहान तळी, भरतात, त्यांच्या पाण्यावर धान पिकते, आणि माघ-फाल्गुनापासून पाणी जसजसे मागे हटते तसतसा काठाशी मऊ गाळाचा एक पट्टा उघडा पडत जातो. जवळच्या कोका आणि नागझिरा अभयारण्यांच्या परिसरात किंवा जंगलाला लागून असलेल्या कोणत्याही गावी या पट्ट्यावर रात्रीतून रानडुक्कर, चितळ, सांबर, रोही, कोल्हा, मुंगूस आणि बाऊल म्हणजे रानमांजर यांची ये-जा उमटते, आणि सकाळी शाळेची घंटा होण्याआधी ती वाचता येते.

न्यायदर्शनात विश्वसनीय ज्ञानाच्या साधनाला 'प्रमाण' म्हणतात आणि प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द अशी चार प्रमाणे मानतात. त्यांपैकी अनुमान म्हणजे दिसणाऱ्या खुणेवरून न दिसणाऱ्या वस्तूचे झालेले ज्ञान. डोंगरावर धूर दिसला आणि तेथे अग्नी असल्याचे कळले, हे त्याचे ठरलेले उदाहरण आहे: डोंगर हा 'पक्ष', म्हणजे ज्याच्याविषयी काही सिद्ध करावयाचे ते स्थळ, अग्नी हे 'साध्य', धूर हा 'हेतू', आणि धूर आहे तेथे अग्नी असतोच, हा कधीही न चुकणारा संबंध म्हणजे 'व्याप्ती'. ही सगळी यंत्रणा तलावाच्या पाळीवर जशीच्या तशी लागू पडते. मध्य भारतातील नद्यांत आणि जलाशयांत आढळणाऱ्या पाणमांजराचे, म्हणजे उदाचे, उदाहरण घेता येईल. हा प्राणी कळपाने राहतो आणि पाण्यालगतच्या ठराविक खडकांवर पुन्हापुन्हा विष्ठा टाकतो. ताजी असताना ती काळपट, चिकट आणि माशाच्या उग्र वासाची असते, वाळल्यावर राखाडी पडते आणि काडीने हलवताच माशांच्या खवल्यांच्या व बारीक काट्यांच्या चुऱ्यात विखुरते. शेजारी पाच बोटांचा आणि बोटांमधील पडद्याची पुसट कड दाखवणारा ठसा असला, तर सात वर्षांचे मूलही 'येथे मासे खाणारे, पोहणारे कोणीतरी येऊन गेले' इथपर्यंत स्वतः येते. त्याला हेतू, साध्य आणि व्याप्ती हे शब्द ठाऊक नसतात, पण त्याच्या मनात जे घडते त्याचा क्रम न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने वर्णिलेल्या क्रमापेक्षा वेगळा नसतो.

एवढ्या लहान वयात तर्काचे शिक्षण द्यावे काय, अशी शंका येथे घेतली जाऊ शकते. सतराव्या शतकात अन्नंभट्टाने 'तर्कसंग्रह' हा न्यायाचा प्रवेशग्रंथ बालांना सुखाने बोध व्हावा म्हणून रचला, आणि टीकाकारांनी लगेच खुलासा केला की येथे बाल म्हणजे अंगावर पिणारे मूल नसून, ऐकलेले ग्रहण करण्यास आणि लक्षात ठेवण्यास समर्थ असलेला, पण न्याय न शिकलेला विद्यार्थी होय. पाठशाळेच्या दृष्टीने हा खुलासा रास्त आहे, तरी तो ग्रंथावाटे होणाऱ्या शिक्षणाला धरून केलेला आहे. गाळातल्या ठशावरून अनुमान करण्यासाठी वाचता येणेही आवश्यक नसते. कालाहारीतील सान शिकाऱ्यांचा अभ्यास करणाऱ्या लुई लीबेनबर्ग यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात माग काढण्याच्या कलेत विज्ञानाचा उगम शोधला, आणि कार्लो गिन्झबर्ग या इटालियन इतिहासकाराने १९७९ च्या आपल्या निबंधात खुणांवरून जाणण्याची ही रीत शिकाऱ्यापासून वैद्यापर्यंत आणि गुप्तहेरापर्यंत कशी पोहोचली ते दाखवले. अक्षरांच्या आधी माग वाचला जात होता. तेव्हा मुलालाही तो अक्षरांच्या आधी वाचता आला तर त्यात नवल नाही.

'तर्कसंग्रहा'त तलावही येतो, पण उलट्या बाजूने. अग्नीच्या अनुमानात स्वयंपाकघर हे अग्नी आणि धूर दोन्ही असल्याचे उदाहरण आहे, तर मोठा जलाशय हे 'विपक्षा'चे, म्हणजे जेथे साध्य नाही याची खात्री आहे अशा स्थळाचे उदाहरण आहे. आणि पहाटे पाण्यावर तरंगणारी वाफ पाहून धूर समजणे हा नैयायिकांच्या चर्चेतला नेहमीचा भ्रम आहे. याच चर्चेत 'उपाधी' नावाची एक कल्पना येते आणि ती पाणथळ जागेच्या शिक्षणाला फार उपयोगी आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान बरोबर ठरते, पण अग्नीवरून धुराचे अनुमान चुकते, कारण तापलेल्या लोखंडी गोळ्यात अग्नी असून धूर नसतो; धूर निघण्यासाठी इंधन ओले असावे लागते. ही जास्तीची, लपलेली अट म्हणजे उपाधी. ठशाच्या बाबतीत अगदी असेच घडते, आणि तेथेही उपाधी ओलाव्याचीच असते. ठसा आहे तेथे प्राणी येऊन गेला, हे खरे. परंतु प्राणी येऊन गेला तेथे ठसा असतोच, हे खरे नाही, कारण ठसा उमटण्यासाठी माती ओली आणि मऊ असावी लागते. कडक मुरमाच्या पाळीवरून वाघ गेला तरी काही उमटत नाही, आणि दलदलीत बगळ्याचाही पाय खोल जातो. मुलांच्या हातून सर्वांत अधिक चुका होतात त्या येथे, आणि मोठ्यांच्याही होतात.

खूण नसण्यावरून काय कळते, हा यातून निघणारा प्रश्न आहे. भाट्ट मीमांसक आणि वेदान्ती यांनी 'अनुपलब्धी', म्हणजे वस्तू न आढळणे, हे अभावाच्या ज्ञानाचे स्वतंत्र प्रमाण मानले, परंतु त्यावर एक बंधन घातले: वस्तू असती तर ती नक्की आढळली असती, अशी परिस्थिती असेल तेव्हाच तिच्या न आढळण्याला किंमत आहे. उजेडात टेबलावर घडा दिसला नाही तर घडा नाही. अंधारात दिसला नाही तर काहीच सिद्ध होत नाही. एखाद्या तलावात आता पाणमांजरे उरली नाहीत असे म्हणण्यापूर्वी काठाला ठसा धरू शकेल असा गाळ होता काय, रात्री पाऊस पडला काय, सकाळी गुरे पाण्यावर येऊन सगळा काठ तुडवून गेली काय, बेशरमाच्या झुडपांनी काठच झाकून टाकला आहे काय, हे पाहावे लागते. वन्यजीवांच्या अहवालांत 'आढळ नाही' हा शब्दप्रयोग ज्या सहजतेने येतो ती पाहता, ही मीमांसकी सावधगिरी प्राथमिक शाळेतच अंगवळणी पडली तर बरे.

अनुमानावर सर्वांत धारदार हल्ला चार्वाकांनी, म्हणजे केवळ प्रत्यक्ष मानणाऱ्या लोकायतिकांनी, केला, आणि योगायोग असा की त्यांच्या नावावर सांगितली जाणारी कथाही पाऊलखुणेचीच आहे. आठव्या शतकातील जैन आचार्य हरिभद्रसूरी यांच्या 'षड्दर्शनसमुच्चय' या ग्रंथात लोकायतमताची मांडणी करताना लांडग्याच्या पावलांचा उल्लेख येतो आणि टीकाकार त्यामागची गोष्ट सांगतात. एका नास्तिक पुरुषाची पत्नी श्रद्धाळू होती आणि शास्त्री-पंडितांच्या बोलण्यावर तिचा विश्वास होता. त्या पुरुषाने रात्री नगराच्या वेशीपासून रस्त्याच्या धुळीत बोटांनी लांडग्याच्या पंजाचे ठसे उमटवले. सकाळी ते पाहून विद्वान मंडळी जमली आणि रात्री रानातून लांडगा येऊन गेला असला पाहिजे, एरवी हे ठसे कोठून आले असते, असा त्यांनी निर्णय दिला. तेव्हा त्या पुरुषाने पत्नीला ते ठसे दाखवून सांगितले की परलोकाविषयी हीच मंडळी बोलतात, आणि याच पद्धतीने बोलतात.

या गोष्टीचा रोख परलोकावर असला तरी तिची उपयुक्तता शिक्षणात अधिक आहे. वर्गात मुलांना बोटांनी, कोरलेल्या बटाट्याने किंवा काठीच्या टोकाने ओल्या मातीत खोटे ठसे काढायला लावावे आणि खऱ्या ठशांशेजारी ते ठेवून फरक शोधायला सांगावे. अशा खेळात फसवणाऱ्याला फसणाऱ्यापेक्षा जास्त शिकावे लागते. खोट्या ठशांची रांग सहसा फार नीटनेटकी होते. खरा प्राणी थबकतो, वळतो, त्याचा मागचा पाय पुढच्या पायाच्या ठशावर अर्धवट पडतो, चढावर बोटे जास्त रुततात, निसरड्या जागी घसरण्याची रेघ उमटते. तक्त्यावरचा ठसा आणि गाळातला ठसा यांतील अंतर मुलाला याच रीतीने कळते. मांजरकुळातील प्राण्यांची नखे चालताना आत असतात म्हणून बाऊलाच्या ठशात नखे उमटत नाहीत आणि कोल्ह्याच्या उमटतात, ही व्याप्ती तक्त्यावर निरपवाद दिसते. पण घसरत्या चिखलात मांजरही तोल सावरण्यासाठी नखे बाहेर काढते आणि व्याप्तीला अपवाद सापडतो. नैयायिक अशा डळमळीत हेतूला 'सव्यभिचार' म्हणतात. चार्वाकाने यावरून अनुमान टाकून द्यावे असे सुचवले. नैयायिकांनी हेतू अधिक काटेकोर करावा असे सांगितले. शिक्षकाने दुसरा मार्ग धरावा, परंतु पहिल्याचे म्हणणे मुलांपुढे पूर्ण ताकदीनिशी ठेवल्याशिवाय धरू नये.

या तात्त्विक वादाचे व्यावहारिक मोल देशाने एकदा मोजले आहे. ओडिशातील वनाधिकारी सरोजराज चौधरी यांनी १९६६ मध्ये पंजाच्या ठशांवरून वाघ मोजण्याची पद्धत मांडली आणि १९७२ मधील पहिली देशव्यापी व्याघ्रगणना तिच्या आधारे झाली. पद्धतीचे गृहीतक असे होते की अनुभवी माणूस ठशाच्या आकारावरून प्रत्येक वाघ वेगळा ओळखू शकतो. मात्र मऊ गाळात तोच पंजा पसरून मोठा उमटतो, घट्ट मातीत लहान, आणि ठशाचा कागदावर उतरवलेला आराखडा उतरवणाऱ्याच्या हातावरही अवलंबून असतो. त्यामुळे एकाच वाघाचे दोन होण्याची वाट मोकळी राहिली. राजस्थानातील सरिस्का येथे कागदावर वाघ होते आणि २००४-०५ मध्ये असे उघड झाले की प्रत्यक्षात एकही उरलेला नव्हता. त्यानंतरच्या देशव्यापी गणनांत स्वयंचलित कॅमेऱ्यांची आणि संख्याशास्त्राची जोड देण्यात आली. ठसे खोटे नव्हते. त्यांना पेलणार नाही एवढे ओझे त्यांच्यावर टाकले गेले होते. 'येथे वाघ आला' हे ठसा सांगू शकतो, 'येथे इतके वाघ आहेत' हे सांगण्यासाठी त्याला दुसऱ्या साक्षीदाराची गरज लागते.

साक्षीवर साक्ष ठेवत जाण्याची ही शिस्त ज्या प्राचीन ग्रंथात सर्वांत सुंदर रीतीने आली आहे तो बौद्ध परंपरेतला आहे, आणि त्यासाठी भंडारा जिल्ह्याबाहेर जाण्याचेही कारण नाही, कारण वैनगंगेच्या काठी असलेले पवनी हे प्राचीन बौद्ध केंद्र होते. नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी १९६९-७० मध्ये शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले तेव्हा जगन्नाथ टेकडी आणि चांदकापूर येथे स्तूपांचे अवशेष मिळाले. त्या काळच्या बौद्ध शिल्पात बुद्धाची मूर्ती घडवत नसत. रिकामे आसन, बोधिवृक्ष, चक्र, पावलांचे ठसे अशा खुणांनीच त्याचे असणे दाखवले जाई. पवनीच्या शिल्पांत मुचलिंद नागाचे जे शिल्प आहे त्यातही नागाच्या फण्यांखाली आसन आहे आणि आसनावर कोणी नाही. ज्या माणसांनी हे स्तूप उभारले ती खुणेवरून न दिसणाऱ्याकडे जाण्यात मुरलेली होती.

तो ग्रंथ म्हणजे मज्झिम निकायातील चूळहत्थिपदोपम सुत्त, हत्तीच्या पावलाची उपमा सांगणारे लहान सुत्त. त्यातला प्रसंग असा आहे. पिलोतिक नावाचा परिव्राजक बुद्धाची स्तुती करतो आणि जाणुस्सोणि नावाच्या ब्राह्मणाला आपल्या श्रद्धेचे कारण सांगतो: हत्तीचा माग काढणाऱ्याने अरण्यात मोठे पाऊल पाहिले की तो मोठ्या हत्तीचा निश्चय करतो, तसेच वादविवादाला आलेले चार प्रकारचे विद्वान बुद्धाचे शिष्य होऊन जाताना पाहिले, या चार पाऊलखुणांवरून बुद्ध खरोखरच सम्यक् संबुद्ध आहे असा आपला निश्चय झाला. जाणुस्सोणि हे बुद्धाला जाऊन सांगतो. बुद्ध स्वतःच्या स्तुतीसाठी केलेली ही उपमा अपुरी असल्याचे सांगून दुरुस्त करतो. कुशल माग काढणारा मोठे पाऊल पाहून निश्चय करत नाही, कारण मोठ्या पायांच्या ठेंगण्या हत्तिणीही असतात. तो मागावर पुढे जातो. उंचावर अंग घासल्याच्या खुणा पाहतो, तरी थांबतो, कारण उंच हत्तिणीही असतात. सुळ्यांनी ओरखडल्याच्या खुणा, मोडलेल्या फांद्या पाहतो. आणि झाडाखाली किंवा मोकळ्यावर उभा, चालता, बसलेला वा पडलेला तो हत्ती प्रत्यक्ष दिसल्यावरच म्हणतो की हाच तो. पुढे साधकाच्या मार्गातील ध्यान इत्यादी एकेक टप्प्याला बुद्ध तथागताची पाऊलखूण म्हणतो आणि प्रत्येक टप्प्यावर बजावतो की एवढ्यावरून निष्कर्ष काढू नये. श्रीलंकेच्या परंपरेनुसार महिंद थेरांनी राजा देवानंपिय तिस्स याला पहिला उपदेश याच सुत्ताचा केला.

स्तुती करणाऱ्याच्या अनुमानातली ढिलाई दाखवून देणारा धर्मसंस्थापक हे दृश्य धर्माच्या इतिहासात दुर्मीळ आहे. शिक्षणाच्या दृष्टीने त्यातला पायऱ्यांचा क्रम मोलाचा ठरतो. तलावाच्या काठी रानडुकराची किंवा सांबराची चिखलात लोळण्याची जागा असते आणि लोळून उठलेला प्राणी जवळच्या अर्जुनाच्या किंवा जांभळाच्या बुंध्याला अंग घासतो. तेथे वाळलेल्या गाळाचा थर राहतो. खुरांचा दुहेरी ठसा दोघांचाही दिसेल, पण डुकराच्या ठशामागे मऊ मातीत वरच्या लहान खुरांचे दोन ठिपके बाजूला उमटतात. हे पाहून झाल्यावर मुलाने बुंध्यावरच्या गाळाची उंची स्वतःच्या अंगाला लावून पाहावी. ती कमरेपाशी संपत असेल तर एक गोष्ट, डोक्याच्या वर जात असेल तर दुसरी. गाळात चिकटलेला राठ केस सापडला तर तो तिसरा साक्षीदार. या प्रत्येक पायरीवर 'अजून नाही' असे म्हणून थांबता येणे ही या पाठाची खरी परीक्षा आहे, आणि बहुतेक शालेय प्रश्नपत्रिका नेमकी उलटी सवय लावतात. छत्तीसगडकडून गडचिरोलीत आलेला रानटी हत्तींचा कळप २०२२ च्या अखेरीस गोंदियामार्गे भंडारा जिल्ह्यात शिरला, तेव्हा सुत्तातली उपमा साकोली-लाखनीकडच्या धानाच्या बांध्यांत अक्षरशः उमटली होती.

माग वाचण्याची विद्या या जिल्ह्यात आहेच, मात्र ती शाळेच्या भिंतीबाहेर राहिली. तलावांवर पिढ्यानपिढ्या मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाला कोणत्या काठी कोण पाण्यावर येतो, जाळे कोणी फाडले, अर्धवट खाल्लेला मासा कोणाचे काम, हे ठाऊक असते. गोंड आणि गुराखी कुटुंबांतील म्हाताऱ्यांना ठशाच्या कडा किती ढासळल्या, त्यावरून किड्यांची वाट गेली काय, यावरून ठसा कालचा की आजचा ते सांगता येते. न्यायदर्शनातले चौथे प्रमाण, 'शब्द', म्हणजे विश्वासू माणसाचे, 'आप्ता'चे, वचन. आप्त कोणाला म्हणावे याचे लक्षण सांगताना वात्स्यायनाने वस्तू स्वतः जाणणारा आणि जशी जाणली तशी सांगू इच्छिणारा अशी अट घातली आणि हे लक्षण ऋषी, आर्य व म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू आहे असे स्पष्ट म्हटले. व्यवहारात या उदारतेला जातिव्यवस्थेने कितपत वाव दिला, हे सर्वांना माहीत आहे. तरी तत्त्व म्हणून ते उभे आहे, आणि त्यानुसार तलावकाठच्या पाठाला ढिवर आजोबांना बोलावणे हा मनोरंजनाचा कार्यक्रम ठरत नाही, तर प्रमाणाचा भाग ठरतो. कोसबाड येथे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा चालवली तेव्हा शाळाच मुलांच्या मागे कुरणात गेली होती. भंडाऱ्यात तिने पाळीवर जायला हवे, मात्र सोबत जाणती माणसे असतानाच, कारण येथे वाघाचा ठसा हा निव्वळ पाठ नसतो, आणि विष्ठेला हात लावायचा नाही, काडीने पाहायचे, ही शिस्तही त्यात येते.

एवढे झाल्यावर वर्गातले एखादे मूल पुढचा प्रश्न विचारतेच: ठशावरून प्राणी कळतो, तर जगावरून जग करणारा कळतो काय? दहाव्या शतकात उदयनाने 'न्यायकुसुमांजली'त असेच अनुमान मांडले. घट हे कार्य असून त्याला कुंभार आहे, तसे जगही कार्य असून त्याला कर्ता असला पाहिजे. उदयनाच्या आधीच, सातव्या शतकात, धर्मकीर्तीने या धर्तीच्या अनुमानाला वारुळाचे उदाहरण देऊन अडवले होते: मातीची रचना एवढ्यावरून कुंभार सिद्ध होत असेल तर वारूळही कुंभाराने केले असे मानावे लागेल. ठशाच्या अनुमानात बाऊल आणि तिचे पाऊल यांचा संबंध कोठेतरी, कोणीतरी, एकत्र पाहिलेला असतो. जग घडताना मात्र कोणी पाहिलेले नाही, हा दोहोंतला फरक शिक्षकाने सांगावा आणि तेथे थांबावे. १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या बौद्ध धम्मदीक्षेनंतर या जिल्ह्यातल्या अनेक घरांत ईश्वराला स्थान नाही, अनेक घरांत देवघर आहे, आणि दोन्ही घरांतली मुले एकाच बाकावर बसतात. निर्णय शाळेने द्यावा असा हा प्रश्न नाही. अनुमानाला व्याप्ती लागते, एवढेच शाळेने शिकवायचे आहे.

न्यायसूत्रांतच अनुमानावरचे तीन आक्षेप आले आहेत: नदी फुगली म्हणजे वर पाऊस झाला असे म्हणतात, पण पाणी कोठे अडवले गेले असेल, मुंग्या अंडी घेऊन निघाल्या म्हणजे पाऊस येणार असे म्हणतात, पण वारूळ मोडले असेल, मोराचा आवाज आला म्हणजे मोर आहे असे म्हणतात, पण माणसाने नक्कल केली असेल. वात्स्यायनाचे उत्तर असे की पावसाच्या पुराला वेगळी ओळख असते, त्यात ओढ असते, फेस, फळे, पाने आणि लाकडे वाहत येतात. १९८८ मध्ये पायाभरणी झालेल्या गोसीखुर्द धरणाच्या फुगवट्यालगत राहणाऱ्या मुलांना पहिला आक्षेप समजावून सांगावा लागत नाही. पाणी आता ऋतूने चढते-उतरते तसेच दरवाजांनीही, आणि काठचा गाळ कधी उघडा पडेल, त्यावर कोणाचे ठसे राहतील, हेही काही अंशी धरणावरच ठरते.

शेवटचा मुद्दा नीतीचा आहे आणि तो सर्वांत कमी चर्चिला जातो. माग वाचण्याची विद्या मुळात पारध्याची. जो ठसा अभ्यासकाला पाणमांजराच्या बिळापर्यंत नेतो तोच कातड्यासाठी फासे लावणाऱ्यालाही नेतो. महाभारताच्या कर्णपर्वात कृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची कथा सांगतो. त्याचे सत्यवचनाचे व्रत होते. दरोडेखोरांना भिऊन पळालेली माणसे रानात लपली, दरोडेखोरांनी वाट विचारली, कौशिकाने खरी ती सांगितली, माणसे मारली गेली आणि कौशिक नरकात गेला. तेराव्या शतकातील महानुभाव संप्रदायाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी सांगणाऱ्या 'लीळाचरित्रा'त याच्या नेमकी उलट बाजू आहे. स्वामींच्या आरंभीच्या अनुयायांत भंडाऱ्याचे नीळभट्ट भांडारेकार होते, म्हणून हा संप्रदाय या जिल्ह्याला परका नाही. कुत्र्यांनी पाठलाग केलेला एक ससा स्वामींच्या मांडीखाली येऊन दडतो, मागोमाग पारधी येतात, आणि स्वामी ससा लपवत नाहीत, नाकारतही नाहीत. शरण आलेल्याला सोडता येत नाही असे सांगून ते पारध्यांशी बोलत बसतात आणि पारधी परततात. कौशिकापुढे पर्याय दोनच होते असे मानण्याची गरज नाही, हे या लीळेतून दिसते.

आज हा प्रश्न भ्रमणध्वनीच्या रूपाने येतो. मुलाने किंवा शिक्षकाने ठशाचा फोटो काढला की त्याच्यासोबत जागेची नोंदही जाते आणि तो गटागटांतून फिरू लागतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभागाच्या 'निसर्गानुभव' उपक्रमात पाणवठ्यावरच्या मचाणावर बसणाऱ्यांवर निदान काही नियम असतात, गावच्या तलावावर ते नसतात. म्हणून शाळेच्या नोंदवहीत ठशाचे चित्र, मोजमाप, मातीची स्थिती, तारीख आणि 'अजून खात्री नाही' हा शेरा यांना रकाने असावेत, पण बिळाच्या किंवा पिलांच्या जागेचा रकाना नसावा. ती जागा गावातल्या ज्या दोन-तीन जाणत्यांना आधीच ठाऊक आहे त्यांच्याकडेच राहू द्यावी, आणि वनरक्षकाला कळवायची वेळ आली तर ती तोंडी कळवावी.